शस्त्रांचा इतिहास म्हणजे जिना नव्हे

अरण्यवाट (धागाकर्ता)

परवा ‘कालचक्र’ यांनी शस्त्रांचे चार टप्पे मांडणारा लेख टाकला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आधी हातातली शस्त्रं, म्हणजे गदा, तलवार, भाला. मग लांबून मारायची, गोफण आणि धनुष्य. मग दारूगोळा. आणि शेवटी महासंहारक, म्हणजे विषारी वायू, रोगजंतू, अणुबॉम्ब. प्रत्येक टप्प्याने आधीच्या टप्प्याला संपवलं, असा त्यांचा दावा. ‘बंदूक आली आणि धनुष्य मेलं’ हे त्यांचंच वाक्य. खाली ‘अप्रतिम’, ‘संग्रही ठेवतो’ अशा प्रतिसादांची रांग. मला राहवलं नाही, आणि चार ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही, म्हणून वेगळा धागा.

१५२६ साली पानिपतावर बाबराने तोफा आणि तोड्याच्या (जळत्या वातीने बार उडणाऱ्या) बंदुका वापरल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या दिवशी इब्राहिम लोदीच्या सैन्याला दोन्ही बगलांनी वळसा घालून पाठीमागून गाठलं ते घोड्यावरच्या तिरंदाजांनी. चामड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधलेले गाडे आणि त्यांच्या आडच्या बंदुका यांनी लोदीला समोर रोखून धरलं. बाणांनी त्याचं सैन्य चारी बाजूंनी मध्यभागी रेटत आणलं, इतकं की हातपाय हलवायला जागा राहिली नाही. पुढे तीस वर्षांनी, १५५६ मध्ये, त्याच पानिपतावर हेमूची बाजू वरचढ होती. लढाई फिरली ती हेमूच्या डोळ्यात बाण घुसल्यावर. बंदूक येऊन एक पिढी उलटली होती आणि दिल्लीचं तख्त कुणाकडे जाणार ते बाणाने ठरवलं.

युरोपातही हेच. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत घोडदळ अंगावर येई, म्हणून बंदूकवाल्याला भालाइतांच्या गर्दीत आसरा घ्यावा लागे. पाच-पाच मीटर लांबीचे ते भाले. ही जोडी जवळजवळ दोनशे वर्षं टिकली. भालाइताला रजा मिळाली ती संगीन सुधारल्यावर, आणि संगीन लावलेली बंदूक म्हणजे आखूड भालाच. सुरुवातीची संगीन नळीच्या तोंडात खुपसायची असे; एकदा खुपसली की बार काढता येत नसे. १६८९ मध्ये स्कॉटलंडात किलिक्रँकीला सरकारी शिपाई संगिनी खुपसत असतानाच हायलँडचे, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातले बंडखोर तलवारी उपसून उतारावरून आले आणि फळी मोडली. त्यानंतर नळीवर बाहेरून कडं बसणारी संगीन रूढ झाली आणि १७००च्या आसपास लांब भाला मैदानातून गेला. तलवारीने बंदुकीला हरवलं, म्हणून भाला बंदुकीवर चढला. यात वर जाणाऱ्या पायऱ्या कुठे दिसतात ते कुणीतरी दाखवावं.

धनुष्य मागे पडलं त्याचं कारण मला तरी माणसात दिसतं. इंग्लंडच्या राजाला १३६३ साली हुकूम काढावा लागला की सुटीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुष्याचा सराव करायचा. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेतून शंभराहून जास्त धनुष्यं वर आली, त्यांची ओढ, म्हणजे ताणायला लागणारा जोर, शंभर पौंडांच्या पुढची. अशी कमान ओढायला शरीर लहानपणापासून घडवावं लागतं. तोड्याची बंदूक चालवणारा काही आठवड्यांत उभा राहतो. तिरंदाज मेला की त्याची जागा भरायला एक पिढी लागायची. बंदूकवाला मेला की पुढच्या महिन्यात दुसरा.

जुन्यांची वर्गवारी यापेक्षा शहाणी होती. अग्निपुराणातल्या धनुर्वेदात यंत्रमुक्त (यंत्राने सुटणारं), पाणिमुक्त (हाताने फेकायचं), मुक्तसंधारित (सोडून परत आवरता येणारं), अमुक्त (हातातून न सुटणारं) आणि बाहुयुद्ध असे पाच प्रकार दिले आहेत. शस्त्र हातातून सुटतं का, कशाने सुटतं, परत येतं का, एवढंच पाहिलं आहे. कोण आधी आणि कोण कुणाला संपवतं याचा त्यात मागमूस नाही, कारण पाचही एकाच सैन्यात एकाच वेळी असत.

कालचक्र

माझ्या लेखावर धागा काढलात, आनंद आहे. पण अपवाद गोळा केल्याने नियम मोडत नाही.

जपानमधलं नागाशिनो, १५७५. सरदार ओदा नोबुनागाचे बंदूकवाले लाकडी कुंपणामागे उभे आणि शत्रू ताकेदा घराण्याचं नावाजलेलं घोडदळ त्यांच्यापुढे कोसळलं. सुदानमधलं ओमदुरमान, २ सप्टेंबर १८९८. एका बाजूला मॅक्झिम, म्हणजे सुरुवातीच्या मशीनगन, रायफली आणि नदीतल्या तोफनौका. दुसऱ्या बाजूला बहुतेकांच्या हातात भाले आणि तलवारी. महदी या सुदानी धर्मनेत्याच्या अनुयायांचे दहा हजारांच्या आसपास ठार आणि ब्रिटिश-इजिप्शियन फौजेचे पन्नासेक. याला टप्पा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तुमच्या हेमूच्या डोळ्यातला बाण हा योगायोग. ओमदुरमान योगायोग नाही.

लेख सर्वसाधारण वाचकासाठी होता. पंधरा मिनिटांत हजारो वर्षांचं चित्र डोळ्यांपुढे यावं, म्हणून टप्पे केले. किलिक्रँकीची संगीन त्यात येणार नाही.

निवृत्त तोफची

दोघांचंही वाचलं. दोघांनीही तोफेला ‘दारूगोळा’ या पोत्यात बंदुकीबरोबर कोंबलंय. माझं आयुष्य तोफखान्यात गेलं, त्यामुळे हे मला लागतं.

बंदूक आणि तोफ एका जातीची शस्त्रं नाहीत. बंदूकवाला ज्याला मारतो त्याला पाहतो. तोफची पाहत नाही. कुणीतरी पुढे बसून सांगतो, कुणीतरी कागदावर हिशेब करतो, आणि आपण ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही त्याच्यावर गोळा पडतो. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर निम्म्याहून अधिक माणसं तोफेने गेली किंवा जायबंदी झाली. चित्रांत मात्र सगळीकडे मशीनगन आणि संगिनी.

आणि तोफेचा माज असणाऱ्यांसाठीही सांगतो. १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई. हल्ल्याआधी आठवडाभर ब्रिटिशांनी पंधरा लाखांच्या आसपास गोळे टाकले. त्यात बरेच श्रॅपनेलचे, म्हणजे हवेत फुटून छर्रे उडवणारे. त्याने काटेरी तार तुटत नाही, खोल खणलेल्या तळघरांतला माणूस मरत नाही. कित्येक गोळे फुटलेच नाहीत. १ जुलैला सकाळी पायदळ उठून चालू लागलं आणि त्या एका दिवसात १९,२४० ब्रिटिश ठार झाले. शस्त्र होतं, मुबलक होतं, चुकीच्या जातीचा गोळा होता.

सरावाच्या मैदानावर नवीन पोरं गोळा पडताना पहिल्यांदा पाहतात तेव्हा त्यांची बडबड बंद होते. आवाज कानात येण्याआधी धक्का पायातून वर येतो. ज्यांनी तो धक्का घेतलाय ते शस्त्रांच्या याद्या अशा सहज लिहीत नाहीत.

मृगजळ

याद्यांबद्दल बोलताय तर माझीही तक्रार ऐका. कुठल्याही यादीत सुरुंग नसतो. तलवारीचे दहा उपप्रकार असतात, मुठीवरची नक्षी असते, पण जमिनीत पुरलेला सुरुंग, काटेरी तार, नाकेबंदी हे कुणाला शस्त्र वाटत नाही. कारण ते हातात धरून फोटो काढता येत नाही.

माझ्या मामांचा पाय सुरुंगाने गेला. लढाईत नाही. लढाई थांबली होती, सैन्य मागे आलं होतं, स्वतःच्याच बाजूने पेरलेले सुरुंग काढायचं काम चालू होतं. नकाशावर खुणा होत्या, पण पावसाने माती सरकली होती. मामा घरी आले तेव्हा मी शाळेत होते. त्यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. आजीच बोलायची, आणि तिचं म्हणणं एकच: युद्ध संपलं म्हणून सांगितलं होतं ना?

कालचक्र, तुमच्या चार टप्प्यांत हे कुठे बसतं? हातातलं नाही, फेकलेलं नाही, शत्रू कोण हे त्याला कळत नाही, तह झाल्याचंही कळत नाही. १९९७ च्या ओटावा कराराने माणसं मारणाऱ्या सुरुंगांवर बंदी आली. अमेरिका, रशिया, चीन, भारत त्यात गेलेच नाहीत. आणि जे गेले होते त्यांपैकी पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक देशांनी २०२५ मध्ये बाहेर पडायचं ठरवलं. गरज वाटली की सगळे तिथेच परत येतात.

लेनिनग्राडला तर गोळ्यांपेक्षा उपासमारीने माणसं मारली. वेढा ८७२ दिवसांचा. मेलेल्यांची संख्या लाखांत. भूक तुमच्या कुठल्या टप्प्यात?

कालचक्र

मृगजळ ताई, तुमच्या मामांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. सुरुंग यादीत हवा होता, हे मान्य. पण भूक हे शस्त्र म्हटलं तर थंडीही शस्त्र, चिखलही शस्त्र. वर्गवारीला कुठेतरी कुंपण लागतं.

खोगीर

कुंपणाचं निघालंच आहे तर विचारतो. घोडा कुठे आहे? मूळ लेखात नाही, या धाग्यात नाही. नागाशिनोला घोडदळ ‘कोसळलं’ एवढ्यापुरता आला आणि गेला. चतुरंग सेनेतल्या चार अंगांपैकी तीन जनावरांच्या जिवावर उभी आहेत, आणि तुम्ही शस्त्रांची चर्चा घोड्याशिवाय करताय!

कॅऱ्हेची लढाई घ्या, इ.स.पू. ५३. रोमन सेनापती क्रॅससची पायदळाची पलटणच्या पलटण पार्थियन, म्हणजे इराणकडच्या, घोडेस्वारांनी संपवली. रोमन वाट बघत राहिले की यांचे भाते रिकामे होतील आणि मग हे जवळ येतील. पार्थियनांनी बाणांच्या राशी उंटांवर लादून बरोबर आणल्या होत्या. भाता रिकामा झाला की मागे जायचं, भरून घ्यायचा, परत यायचं. आता सांगा, तिथे शस्त्र कोणतं होतं? धनुष्य तर रोमन फौजेकडेही होतं.

मी लहानपणापासून घोड्यावर बसतो, टेंट पेगिंग करतो. भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने जमिनीतला खुंट उपटायचा. त्या क्षणी हाताची ताकद जवळजवळ लागतच नाही. दंड फक्त दिशा देतो. खुंट उपटतो घोडा. ज्याने हे केलंय त्याला घोडा शस्त्र आहे की नाही हे समजावून सांगावं लागत नाही.

कालचक्र

घोडा वाहन आहे. शस्त्र वाहून नेणारं. नाहीतर उद्या ट्रकही शस्त्र होईल आणि उंट म्हणजे दारूगोळ्याचं कोठार.

खोगीर

रणगाडा वाहन आहे का? १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्याच आघाडीवर पहिल्यांदा उतरला तेव्हापासून सगळे त्याला शस्त्र म्हणतात. माणसाला बसवून शत्रूवर चालून जाणारी, वजनाने आणि वेगाने मारणारी गोष्ट. घोड्याची व्याख्या याहून काय वेगळी आहे?

उत्तररात्र

घोडा शस्त्र झाला तो रिकीब, म्हणजे खोगिराला लटकणारं पाय ठेवायचं कडं, आल्यावर. त्याआधी घोड्यावरचा माणूस म्हणजे उंचावर बसलेला तिरंदाज, नाहीतर भालाफेक्या. पायाला आधार नसताना भाला काखेत दाबून धडक दिली तर मागे फेकला जाणार स्वारच. दोन्ही पायांची रिकीब चीनमध्ये चौथ्या शतकाच्या सुमारास आणि युरोपात अवार या भटक्या घोडेस्वार टोळ्यांबरोबर सहाव्या-सातव्या शतकात दिसते. त्यानंतरच घोडा, माणूस आणि भाला हे एकसंध होऊन आदळू लागतात. सांचीच्या शिल्पांत नुसता अंगठा अडकवायची दोरीची रिकीब दिसते, पण तिने धडक सोसवणार नाही.

मी मध्ययुगीन इतिहास शिकवते. हा माझ्या अभ्यासक्रमातला दर वर्षीचा वाद आहे, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलत नाही.

खोगीर

पुराव्याचीच गोष्ट करू. अलेक्झांडरच्या घोडदळाला रिकीब नव्हती. इराणविरुद्धच्या ग्रॅनिकस, इस्सस, गॉगामेला या लढायांत, तिन्ही ठिकाणी त्याच घोडदळाने लांब भाले घेऊन धडक मारली आणि तीही शत्रूच्या ऐन वर्मावर. इ.स.पू. ३३१ मध्ये गॉगामेलाला इराणचा राजा दारियस पळाला तो काय भालाफेकीला घाबरून?

रिकीब काढून घोडा पळवा एकदा. पहिल्या दिवशी पडाल. मांड बसली की पडत नाही. आमच्या उस्तादांनी आम्हाला कित्येक महिने रिकिबीला पायच लावू दिला नव्हता. धडक सोसायची ताकद येते खोगिराच्या चौकटीतून, पुढच्या आणि मागच्या उंच कमानीतून, आणि मांड्यांतून. रिकिबीचं एवढं स्तोम पुस्तकवाल्यांनी माजवलंय. तिच्यामुळे युरोपात सरंजामशाही उभी राहिली असा सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी किती जण घोड्यावर बसले होते?

उत्तररात्र

तो सिद्धांत मी मांडलेला नाही आणि मला तो पटतही नाही. एका लोखंडी कड्यातून अख्खी समाजव्यवस्था निघत नाही. पण ‘पुस्तकवाले’ हा शब्द तुम्ही तिरस्काराने वापरलात, तो खटकला. मी घोड्यावर बसलेली नाही. हाडं, खोगिरं, थडग्यांतल्या रिकिबी, चित्रं, हिशेबाच्या वह्या हे सगळं वाचलेलं आहे. तुमची मांड एका माणसाचा अनुभव सांगते. हजार स्वारांना महिनोन्‌महिने उस्ताद मिळत नाही. त्यातल्या मध्यम कुवतीच्या स्वाराला लढण्याजोगा कोण करतं? रिकीब करते. म्हणजे धागाकर्त्यांनी बंदुकीबद्दल जे सांगितलं तेच: लवकर तयार होणारा माणूस.

तिरकमठा

दोघांनाही एक आठवण. घोडा शहाणा असतो. टोकदार भाल्यांच्या भिंतीवर तो स्वतःहून जात नाही. वॉटर्लूला, १८१५ मध्ये, नेपोलियनचे मार्शल ने यांनी ब्रिटिश चौकोनांवर (चारी बाजूंनी संगिनी रोखून उभ्या पायदळावर) घोडदळाच्या लाटा पाठवल्या. रिकीब होती, खोगीर उत्तम होतं, स्वार कसलेले होते. घोडे संगिनींपुढे येऊन बाजूने वळत राहिले. एकही चौकोन फुटला नाही. तोफ आणि पायदळ बरोबर पाठवलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

तेव्हा घोडा शस्त्र असेल तर तो स्वतःचं मत असलेलं शस्त्र आहे.

खोगीर

स्वतःचं मत आहे, म्हणूनच त्याला शिकवावं लागतं. मोकळ्या घोड्याबद्दल बोलताय तुम्ही. बाकी वॉटर्लूला चूक ने यांची, घोड्याच्या माथी मारू नका.

निवृत्त तोफची

तुमची रिकीब चालू द्या, पण कुणी खेचराला विचारेल का?

डोंगरी तोफखान्याची तोफ सुटी करून खेचरांवर लादत. नळी एकावर, तोफगाडा दुसऱ्यावर, चाकं तिसऱ्यावर. जिथे वाट अर्ध्या हाताची आणि बाजूला दरी, तिथे ही तोफ जाऊन गोळा टाकायची. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. ते गोळीबाराच्या गोष्टी सांगायचे नाहीत, खेचरांच्या सांगायचे. एक खेचर रात्री घसरून गेलं, आणि त्याच्यावर नळी होती. सकाळपर्यंत त्यांच्या तोफेचे बाकी सगळे भाग वर होते आणि तोफ नव्हती.

आणि ज्यांना जर्मन फौज म्हणजे नुसते रणगाडे वाटतात त्यांच्यासाठी: १९४१ मध्ये रशियावर चाल करताना त्यांच्याबरोबर सहा लाखांहून अधिक घोडे होते. बहुतेक डिव्हिजनच्या तोफा घोडेच ओढत होते. रणगाडे पुढे गेले आणि तोफा मागे राहिल्या, कारण घोडा थकतो. त्याला घोडदळ म्हणा, वाहन म्हणा. घोडा मेला की तोफ गप्प.

अरण्यवाट (धागाकर्ता)

घोड्याचा वाद रंगलाय, पण मूळ प्रश्न सोडू नका. कालचक्रांनी ओमदुरमान दिलं, त्याला उत्तर देतो.

ओमदुरमानला मॅक्झिम होती, मान्य. पण ती तिथवर पोहोचली ती ब्रिटिश सेनापती किचनरने वाळवंटातून रेल्वे टाकत नेली म्हणून. गोळ्या, पाणी, धान्य सगळं रुळांवरून आलं. फक्त मॅक्झिमकडे बोट दाखवणं म्हणजे अर्धीच लढाई सांगणं. तोफा असून उपयोग नसल्याचंही उदाहरण आहे. प्लासी, १७५७. नवाबाकडे तोफा कितीतरी जास्त. दुपारी पाऊस आला. नवाबाच्या माणसांची दारू भिजली. कंपनीच्या माणसांनी आपली ताडपत्रीखाली झाकली होती. फितुरी होतीच, पण त्या तासाभरात दोन्ही बाजू एकाच ‘टप्प्यात’ होत्या आणि फरक ताडपत्रीचा होता.

आणि तुमच्या शेवटच्या टप्प्याबद्दल. ९ आणि १० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर साधे आग लावणारे बॉम्ब पडले. एका रात्रीत लाखभर माणसं गेली. अणुबॉम्ब नाही, वायू नाही. हिरोशिमाला त्या दिवशी जितकी गेली त्याच्याशी तुलना होईल इतकी. १९९४ मध्ये रुवांडात काही महिन्यांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यांतली फार मोठी संख्या कोयत्यांनी. कोयता तुमच्या पहिल्या टप्प्यात आहे. ‘महासंहारक’ हे विशेषण शस्त्राला लावलं की आपण त्या कोयत्यांमागचे लोक, त्यांची यादी करणारे, त्यांना रेडिओवरून चिथावणारे यांना सोडून देतो. माझा राग आहे तो यावर. टप्पे मोजणारा लेख वाचून माणूस म्हणतो की आता आपण फार पुढे आलो. कुठे आलो?

कालचक्र

रुवांडा आणून मला माणुसकी शिकवायची गरज नव्हती. लेख शस्त्रांवर होता, नरसंहारावर नव्हता.

‘संपवलं’ हा शब्द जास्त झाला असं तुम्हा सगळ्यांचं म्हणणं दिसतंय. ठीक, तिथे ‘मागे सारलं’ करतो. त्यापुढे जाणार नाही. कारण अणुबॉम्बाबद्दल तुमचं गणित मला मुळीच मान्य नाही. टोकियोला शेकडो विमानं लागली, हिरोशिमाला बॉम्ब टाकणारं एक. आणि मेलेल्यांची संख्या हा त्यातला छोटा भाग आहे. १९४५ नंतर एकदाही युद्धात न वापरता या शस्त्राने जगातल्या बड्या फौजांना एकमेकांपासून लांब ठेवलं. न वापरता चालणारं शस्त्र याआधी कुठलं होतं? तलवार म्यानात ठेवून असं कधी झालं? म्हणून तो टप्पा वेगळाच. इथे तुमचा जिना उभा राहतो, आवडो न आवडो.

तिरकमठा

हा मुद्दा वजनदार आहे. धागाकर्त्यांकडे याचं उत्तर दिसत नाही, निदान माझ्याकडे नाही.

पण ‘महासंहारक’ या एका नावाखाली वायू आणि अणुबॉम्ब एकत्र बांधलेत, ते सोडवा. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या यीप्रला जर्मनांनी क्लोरीन सोडला. फ्रेंच बाजूची फळी कोसळली, काही किलोमीटरची फट पडली, आणि जर्मनांकडे ती फट भरायला पुरेशी माणसंच नव्हती. पुढे मुखवटे आले. वारा फिरला की वायू आपल्याच खंदकात. सगळ्या युद्धात वायूने मारलेली माणसं तोफेच्या तुलनेत थोडी. १९२५ च्या जिनिव्हा कराराने त्याचा वापर निषिद्ध झाला आणि दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या रणांगणावर तो जवळजवळ बाहेर आलाच नाही, कारण समोरच्याकडेही होता आणि फायदा बेभरवशाचा होता. बंदी टिकते ती अशा शस्त्रावर. ११३९ मध्ये चर्चच्या परिषदेने ख्रिश्चनांविरुद्ध यंत्रधनुष्य (क्रॉसबो) वापरायला बंदी केली. कुणी पाळली? यंत्रधनुष्य उपयोगी होतं. महिनाभरात शिकलेला कुणीही चिलखतातल्या सरदाराला घोड्यावरून पाडू शकत होता, आणि सरदारांना नेमकं तेच सलत होतं.

मी धनुष्य चालवतो, साधं लाकडी. एकदा जड ओढीची कमान घेतली, मेरी रोझवाल्यांच्या जवळपास जाणारी. कानापर्यंत आलीच नाही, खांदा मात्र कितीतरी दिवस दुखत होता. त्यामुळे धागाकर्त्यांचा माणूस घडवण्याचा मुद्दा मला अंगावर पटलेला आहे.

मृगजळ

आणि सुरुंगाला काय लागतं? शिकायला काही तास, पुरायला काही मिनिटं, काढायला वर्षानुवर्षं. धागाकर्त्यांच्या मापाने तर तेच सगळ्यात यशस्वी शस्त्र ठरेल. याचा विचार केलाय का तुम्ही?

अरण्यवाट (धागाकर्ता)

नाही केला. आणि माझ्या मापाने तसंच निघतं, हे आवडत नसलं तरी खरं आहे. अमुक्त, पाणिमुक्त यांतही तो बसत नाही. पुरणारा निघून गेल्यावर चालणारं शस्त्र त्या पाचांत नाही.

खोगीर

माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. घोडदळाचं युग बंदुकीने संपवलं म्हणता ना? २३ सप्टेंबर १९१८, हैफा. समोर मशीनगन, कार्मेल डोंगरावर तोफा. जोधपूर आणि म्हैसूर लान्सर, म्हणजे भालेवाले घोडदळ, भाले आणि तलवारी घेऊन गेले. किशोन नदीकाठच्या दलदलीत घोडे रुतले, मेजर दलपतसिंह पडले, तरी गाव घेतलं. तेराशेहून जास्त कैदी. मशीनगन येऊन तीस वर्षं झाली होती.

कालचक्र

एक हैफा. आणि दुसऱ्या बाजूला बॅलक्लावा, १८५४. तिथे तर मशीनगनही नव्हती, नुसत्या तोफा होत्या. तोफांवर चालून गेलेल्या ब्रिटिश घोडदळाच्या लाइट ब्रिगेडचं काय झालं?

खोगीर

हुकूम चुकीचा पोहोचला होता. घोडे तोफांपर्यंत पोहोचले होते, हे विसरू नका.

उत्तररात्र

हैफा मान्य. पण त्या एकूण एक स्वाराच्या पायात रिकीब होती.